डिझेल सांडलं, विहिरी नासल्या. आता अभ्यासाला पैसा कोण देईल?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांचा हा प्रश्न आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या गावाजवळ महामार्गावर डिझेलचा टँकर उलटला. तेल नाल्यातून खालच्या शेतांत शिरलं आणि दोन-तीन विहिरींच्या पाण्याला अजूनही वास येतो. त्यांना तिथल्या मातीवर आणि भूजलावर तीन वर्षं काम करायचं आहे. ३५ लाखांचा प्रस्ताव तयार आहे, त्यात जीसी-एमएस या नमुन्यातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्राची खरेदीही धरली आहे. ते विचारतात, नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडे जाऊ, तेल कंपनीच्या सीएसआरकडे (सामाजिक कामाच्या निधीकडे) जाऊ, की केंद्राच्या अनुदानाची वाट पाहू?

भूजल प्रदूषणाचं माझं बरंचसं काम विदर्भातच झालं आहे. असे प्रस्ताव मी लिहिले आहेत आणि छाननीच्या टेबलापलीकडे बसून वाचलेही आहेत. सर, मला तुमची अडचण पैशाची कमी आणि वेळेची जास्त दिसते. अर्ज, छाननी, सादरीकरण, मंजुरीचं पत्र, मग पहिला हप्ता, यात वर्ष सहज निघून जातं. तोवर डिझेलमधले हलके घटक उडून जातात, काही पाण्यात उतरतात, जिवाणू आपलं काम सुरू करतात आणि जून लागला की शेतकरी त्याच वावरात वखर घालतो. पैसा हातात पडेपर्यंत मोजायची गोष्टच बदललेली असते. म्हणून सगळं काम एकाच देणाऱ्याच्या गळ्यात घालू नका. पहिले नमुने खिशातल्या किंवा महाविद्यालयाच्या किरकोळ पैशावर आत्ताच घ्या आणि मोठं अनुदान त्या आकड्यांच्या जोरावर मागा. छाननी समितीत 'प्रदूषण झालं असावं' असं म्हणणारे प्रस्ताव ढिगाने येतात. ज्याच्या दुसऱ्या पानावर चार विहिरींचे मोजलेले आकडे आहेत तो वेगळा उठून दिसतो.

काही गोष्टी तुमच्या जागेवर अवलंबून आहेत, त्या इथे बसून सांगता येणार नाहीत. तेल नेमकं कोणत्या महिन्यात सांडलं हे पहिलं. पावसाळा जेमतेम लागताना, जूनच्या सुरुवातीला, आपल्या काळ्या मातीला मनगट जाईल एवढ्या भेगा असतात. तेव्हा सांडलेलं डिझेल मातीत मुरत बसत नाही, भेगांतून सरळ खाली जातं. तेच ऑगस्टमध्ये, माती फुगून भेगा मिटल्यावर सांडलं तर बरंचसं वरच्यावर राहतं आणि वाहत्या पाण्यासोबत नाल्याला लागतं. दुसरं म्हणजे खाली खडक कोणता. यवतमाळचा बराच भाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या खडकाचा आहे, पण वणीकडे सरकलात की गोंडवाना वालुकाश्म लागतो आणि तिथे पाण्याची चाल निराळी. बेसॉल्टमध्ये पाणी खडकाच्या सांध्यांतून (भेगांतून) आणि मुरमाच्या थरातून फिरतं. त्यामुळे नाल्याला लागून असलेली विहीर स्वच्छ आणि तीन शेतं पलीकडची वास मारते, असं होऊ शकतं. कागदावर चौकोन आखून त्याच्या कोपऱ्यांवर नमुने घेण्याची पद्धत इथे फसते. आधी गावकऱ्यांना विचारा की कुणाची मोटर सुरू झाली की कुणाच्या विहिरीचं पाणी उतरतं. ते त्यांना तोंडपाठ असतं आणि त्याला पैसे पडत नाहीत.

डिझेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून विहिरीत ते वर तरंगतं. आपल्याकडे विहिरीची पातळी उन्हाळ्यात तळाला जाते आणि पावसाळ्यानंतर कित्येक मीटर वर येते. या वर-खाली होण्यात तेल खडकाच्या भेगांना चिकटत जातं. मग उन्हाळ्यात 'वास गेला' असं वाटतं आणि ऑक्टोबरात पाणी चढलं की तो पुन्हा येतो. म्हणूनच एका फेरीच्या नमुन्यांवर काहीच सिद्ध होत नाही. किमान मेअखेर, ऑगस्ट, ऑक्टोबर आणि जानेवारी अशा चार फेऱ्या हव्यात, आणि प्रत्येक वेळी पाण्याची पातळीही मोजलेली हवी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं जिल्हा कार्यालय आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजतं. तुमच्या पाणलोटातल्या विहिरीच्या जुन्या नोंदी त्यांच्याकडे मागा. पार्श्वभूमीचा एवढा जुना तक्ता फुकट मिळत असेल तर सोडू नका.

आता जवळपास बिनखर्चाची पहिली फेरी. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे ग्रामपंचायतीच्या ठरावासह लेखी तक्रार द्या. त्यांनी नमुना घेतला तर अहवालाची प्रत मागा, मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. तलाठ्याचा पंचनामा झाला असेल तर त्याचीही प्रत ठेवा, कारण सांडल्याची तारीख आणि जागा सांगणारा तो अधिकृत कागद असतो. पुढे प्रस्तावात हाच कागद जोडायचा असतो.

बाकीचं तुमच्या प्रयोगशाळेतच होण्यासारखं आहे, आणि मला वाटतं तुम्ही नेमकं हेच हिशेबात धरलेलं नाही. तेल मोजायला महागडं यंत्र लागतं, पण तेल खाणारे जिवाणू पाण्यात जो फरक करतात तो स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि ब्युरेटवर दिसतो. जिवाणू आधी विरघळलेला ऑक्सिजन संपवतात, मग नायट्रेट, मग मँगनीज आणि लोहाकडे वळतात, पुढे सल्फेटकडे. आपल्या विहिरींत युरियामुळे नायट्रेट बहुधा भरपूर असतं. शेजारच्या विहिरींत नायट्रेट चढलेलं आहे, वास येणाऱ्या विहिरीत ते खाली आलंय आणि विरघळलेलं लोह वाढलंय, असं दिसलं तर तेलाचं विघटन सुरू असल्याची ती चांगली खूण आहे. डीओ (विरघळलेला ऑक्सिजन) मीटर, नायट्रेट, लोह, सल्फेट, अल्कलिनिटी एवढ्यावर दहा विहिरींचा तक्ता तयार होतो. एमएस्सीच्या दोन विद्यार्थ्यांचा प्रकल्पही त्यात निघेल.

विहिरीवर रंगीत तवंग दिसला की गावात लगेच 'तेल आहे' अशी बोंब होते. काडीने तवंग ढवळून बघा. लोहजिवाणूंचा तवंग काचेसारखा तुटतो आणि तुकडे वेगळेच राहतात. तेलाचा तवंग काडीमागे फिरतो आणि परत मिटतो. विहिरीवर जुनं डिझेल इंजिन बसवलेलं असेल तर तेही नोंदवा. थारोळ्यातलं इंजिन ऑइल पावसात विहिरीत उतरतं, आणि छाननीत कुणीतरी ते विचारतंच.

तेलाचे प्रत्यक्ष नमुने मात्र नियमाने घ्या, नाहीतर पैसे पाण्यात. पाणी मोटरच्या पाइपातून घेऊ नका, फेसाळत पडताना हलके घटक उडून जातात. बेलर, म्हणजे नमुना घ्यायची दोरीची नळी, विहिरीत सोडा, ४० मिलिलिटरची काचेची व्हायल (छोटी बाटली) काठोकाठ भरा, पाण्याचा फुगवटा वर आला की झाकण लावा, उलटी धरून नखाने टिचकी मारा. बुडबुडा दिसला तर ती व्हायल बाद. पुस्तकात लिहिलेलं असतं की हायड्रोक्लोरिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणा, म्हणजे नमुना १४ दिवस टिकतो. पण आपल्या बेसॉल्टमधल्या पाण्यात बायकार्बोनेट एवढं असतं की आम्ल पडताच ते फसफसू शकतं आणि त्या वायूबरोबर नेमकं जे मोजायचंय तेच निघून जातं. फसफसलं तर आम्ल न घालता घ्या आणि ७ दिवसांच्या आत तपासून घ्या. म्हणजे प्रयोगशाळेशी आधी बोलून तारीख ठरलेली हवी. बर्फ तालुक्याच्या गावात कुठे मिळतो हेही आदल्या दिवशी पाहून ठेवा. बिसलेरीच्या रिकाम्या बाटल्यांत आणलेले नमुने मी तपासणीला घेत नाही, कुणी कितीही गळ घातली तरी.

मातीचं एक वेगळं दुखणं आहे. ज्या वावरात शेणखत पडलेलं असतं तिथली सेंद्रिय द्रव्यंसुद्धा एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बनच्या आकड्यात घुसतात. प्रयोगशाळेला सिलिका जेलने शुद्धीकरण करून मोजायला सांगा, आणि तुलनेचा नमुना त्याच शेतकऱ्याच्या, तेच खत पडलेल्या पण तेल न गेलेल्या तुकड्यातून घ्या. ही दोन वाक्यं प्रस्तावात असली की तपासणारा ओळखतो, हा माणूस वावरात जाऊन आलाय.

यंत्राबद्दल स्पष्ट सांगतो, जीसी-एमएस प्रस्तावातून काढा. तुमच्या ३५ लाखांतला मोठा घास ते खाईल, मग हेलियमचं सिलिंडर, वातानुकूलन, देखभालीचा वार्षिक करार आणि ते चालवणारा माणूस हे सगळं उरतं. ग्रामीण महाविद्यालयात दिवसातून चारदा वीज गेली तर व्हॅक्यूम पंपाचं काय होतं ते यंत्र विकणारा सांगणार नाही. नमुन्यांची संख्या मांडून बघा. ६ विहिरी, ४ फेऱ्या म्हणजे २४. दहामागे एक दुबार नमुना म्हणजे आणखी ३, दर फेरीला एक कोरा (शुद्ध पाण्याचा) नमुना म्हणजे ४. झाले ३१. मातीचे ४ खड्डे, प्रत्येकी तीन निरनिराळ्या खोलीवर, दोन वेळा म्हणजे २४. वर्षाला ५५ नमुने. एवढ्यासाठी यंत्र घेत नसतात. एनएबीएल ही प्रयोगशाळांची राष्ट्रीय मान्यता असलेल्या तीन प्रयोगशाळांकडून लेखी दर मागवा, नमुन्यांच्या संख्येने गुणा आणि तो तक्ता जसाच्या तसा अंदाजपत्रकात लावा. टीपीएच (एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन), बीटीईएक्स (बेंझिन, टोल्युइन असे हलके घटक) आणि पीएएच (अनेक वलयांची हायड्रोकार्बन) यांचे दर वेगळे असतात. डिझेलसाठी बेंझिनपेक्षा टीपीएच आणि पीएएचवर भर ठेवा. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात खनिज तेलाची मर्यादा लिटरला ०.५ मिलिग्रॅम आणि पीएएचची ०.०००१ मिलिग्रॅम आहे. तुमच्या प्रयोगशाळेची मोजण्याची किमान पातळी या आकड्यांच्या खाली जाते का ते दरपत्रकाबरोबरच विचारा. जात नसेल तर 'आढळले नाही' या शेऱ्याला काही अर्थ नाही.

देणाऱ्यांकडे वळू. नीरी ही अनुदान देणारी संस्था आहे हा आपल्याकडचा जुना गैरसमज. ती सीएसआयआरची संशोधन प्रयोगशाळा आहे, १९५८ पासून नागपुरात आहे आणि तिला स्वतःलाच प्रकल्पांतून पैसा आणावा लागतो. तिच्याकडे पैसा मागायला जाऊ नका, सहसंशोधक मागायला जा. माती समजून घ्यायला नागपुरातलाच राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो आणि अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. यातलं एक नाव सहसंशोधक म्हणून असेल तर 'ग्रामीण महाविद्यालयाला हे झेपेल का' ही शंका निम्मी होते.

केंद्राचा मोठा दरवाजा आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा आहे. २०२३ च्या कायद्याने ते आलं आणि पूर्वीचं एसईआरबी हे संशोधन अनुदान मंडळ त्यात विलीन झालं. तिथे 'गावाचं पाणी खराब झालं' हा मुद्दा चालत नाही, शास्त्रीय प्रश्न लागतो. तुमच्याकडे तो आहे. फुगणाऱ्या, चुनखडीयुक्त काळ्या मातीत आणि सांध्यांच्या बेसॉल्टमध्ये डिझेल किती खोल जातं आणि हंगामी चढउतारात त्याच्या विघटनाचा वेग कसा बदलतो? डिझेलमधल्या साध्या साखळीच्या सी-१७ या घटकाचं, जिवाणू जो सावकाश खातात त्या प्रिस्टेनशी प्रमाण फेरीगणिक घटत गेलं तर विघटन सुरू असल्याचा पुरावा मिळतो. असा एक मोजता येणारा प्रश्न पुरे, पाच उद्दिष्टं लिहू नका. राज्यात राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आहे. तिथे उलट स्थानिक उपयोग वजनदार ठरतो, म्हणून त्याच कामाचं दुसरं तोंड त्यांना दाखवा. संशोधक विद्यार्थ्याचं मानधन प्रकल्पात धरण्याआधी तो बार्टी, सारथी, महाज्योती किंवा नेटच्या अधिछात्रवृत्तीत बसतो का पाहा. बसला तर अंदाजपत्रकातला जड आकडा हलका होतो.

गाव खाणबाधित यादीत असेल, वणी-चंद्रपूर पट्ट्यात अशी कितीतरी आहेत, तर जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी पिण्याचं पाणी आणि प्रदूषण नियंत्रणावर खर्च करता येतो. तो जिल्हा पातळीवरच ठरतो. मात्र तिथे 'संशोधन' म्हणून जाऊ नका, 'बाधित विहिरींची दोन वर्षांची तपासणी आणि पर्यायी पाणी' म्हणून जा.

सीएसआरबद्दल दोन गोष्टी बहुतेकांना माहीत नसतात. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खालच्या नियमांत स्पष्ट आहे की दुसऱ्या कायद्याने अंगावर आलेली जबाबदारी पार पाडण्याचा खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही. म्हणजे ज्याचं तेल सांडलं त्याच्याकडे सफाईचा खर्च सीएसआर म्हणून मागणं मुळातच चुकीचं. ते त्याचं देणं आहे, उपकार नव्हे. दुसरं, त्याच कायद्याच्या अनुसूची ७ मधली (सीएसआरखाली येणाऱ्या कामांच्या यादीतली) संशोधनाची बाब मुख्यतः सरकारी निधीवरच्या प्रकल्पांसाठी आणि सार्वजनिक विद्यापीठं व राष्ट्रीय प्रयोगशाळांसाठी आहे. खासगी संस्थेच्या महाविद्यालयाने पर्यावरण, माती आणि पाण्याच्या गुणवत्तेच्या बाबीखाली अर्ज करणं सोपं जातं. त्यासाठी संस्थेची आयकर सवलतीची (१२ए, ८०जी) आणि सीएसआर निधी घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी आधी तपासा. प्राचार्य 'आहे' म्हणाले तरी कागद डोळ्यांनी पाहा.

मग तेल कंपनीचा पैसा घ्यायचाच नाही का? घ्यायला हरकत नाही, पण करार बघून. अमेरिकेत मिनेसोटातल्या बेमिजी गावाजवळ २० ऑगस्ट १९७९ रोजी कच्च्या तेलाची वाहिनी फुटली आणि सुमारे १७ लाख लिटर तेल सांडलं. सफाईनंतरही जवळपास ४ लाख लिटर जमिनीत राहिलं. १९८३ पासून तिथे अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाचं संशोधन सुरू आहे, आणि पुढे त्यात वाहिनीची मालक कंपनी व राज्याचं प्रदूषण मंडळही कराराने सामील झालं. भूजलातल्या तेलाच्या नैसर्गिक विघटनाबद्दल आज जे शिकवलं जातं त्यातलं बरंच या एका जागेवरून आलंय. कंपनी टेबलावर असूनही विज्ञान टिकलं, कारण कोण काय करणार हे लेखी होतं. तुमच्या करारात तीन कलमं असू द्या. नमुने तुम्हीच घेणार, निकाल विहीरमालकाला सगळ्यात आधी मिळणार आणि प्रकाशनाला कंपनीची परवानगी लागणार नाही. तिसऱ्या कलमावर समोरचा अडखळला तर चहा पिऊन उठा.

भरपाईचं प्रकरण संशोधनापासून वेगळं ठेवा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यात भरपाईच्या अर्जाला ५ वर्षांची मुदत आहे, तो रस्ता शेतकऱ्याचा. जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नवे केंद्रीय नियम आले. त्यात संशयित स्थळांची यादी स्थानिक स्वराज्य संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने राज्य मंडळाला द्यायची आहे आणि पुढची तपासणी मंडळाने करायची आहे. ग्रामपंचायतीचा ठराव जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला पाहिजे तो यासाठी. तुमचे आकडे त्यात कामी येतील, पण तुम्ही कुणाचे वकील नाही हे दोन्ही बाजूंना सुरुवातीलाच सांगून टाका.

एक खर्च तुमच्या अंदाजपत्रकात मला दिसलाच नाही, तो विहीरमालकांचा. अशा एका गावात एका काकाजींनी मला बेलरसकट थांबवून विचारलं होतं, "तुमचं संशोधन राहू द्या साहेब, हे पानी ढोरायले पाजू का नको थे सांगा." प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर दोन वर्षांनी इंग्रजी नियतकालिकात देऊन चालत नाही. तेव्हा निकाल लागेपर्यंत त्या कुटुंबांना दुसरं पाणी कुठून मिळेल ते ग्रामपंचायतीशी ठरवा, प्रत्येक फेरीनंतर प्रत्येक विहिरीचा एक पानाचा मराठी अहवाल द्या आणि छपाईचा, बैठकीचा खर्च प्रस्तावात उघड लिहा. देणारे तो कापत नाहीत, असा माझा अनुभव आहे. वास नाही म्हणजे पाणी चांगलं असं त्या पानावर लिहू नका, आणि वास आहे म्हणजे विषारी असंही नको. आकडा आणि मर्यादा शेजारी-शेजारी छापा.

क्रमाने सांगायचं तर ठराव आणि तक्रार या आठवड्यात, दहा विहिरींचा तुमच्याच प्रयोगशाळेतला तक्ता या महिन्यात, आणि दोन वाईट व दोन चांगल्या विहिरींचे टीपीएच-पीएएच नमुने महाविद्यालयाच्या सीड मनीतून, म्हणजे काम सुरू करायला मिळणाऱ्या छोट्या निधीतून. नॅक मूल्यांकनाच्या निमित्ताने बऱ्याच ठिकाणी तशी तरतूद असते, आयक्यूएसीच्या (अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या) समन्वयकांना विचारा. ते आकडे आले की यंत्राविना प्रस्ताव नव्याने लिहा. व्हायल आणि बेलर मात्र अनुदान मंजूर झाल्यावर सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरून मागवू म्हणून थांबू नका. तो माल वेळेवर आला नाही तर मेअखेरची फेरी हुकते, आणि विहीर पुन्हा तेवढी खाली जायला पुढचा उन्हाळा यावा लागतो.